मन्मथअप्पाची कोरडी फेरी

मन्मथअप्पाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका माणसाला हेल्मेटनं मारून राहिला होता. माझ्या दुकानासमोरच. शिरूर ताजबंदच्या फाट्यावर, जिथं नांदेड-लातूर रस्त्याला उदगीरचा रस्ता येऊन मिळतो, तिथं माझं पंक्चरचं दुकान आणि त्याला लागून माझ्या बायकोची, कांताची, चहाभज्याची टपरी. मार खाणारा लातूरचा होता. चांगल्या घरचा दिसत होता, अंगात महागाचं जाकीट. नाकातलं रक्त जाकिटाच्या चेनीवर ठिबकत होतं. अप्पा एक फटका मारायचा आणि थांबून विचारायचा, "किती देती?"

"चाळीस."

फटका.

"किती देती?"

"अप्पा, कंपनीच चाळीस म्हणती ना."

फटका.

"कंपनी तुझ्या मागं बसून आली का? किती देती?"

"सत्तावीस," असं म्हणून तो माणूस खाली बसला.

अप्पानं हेल्मेट शर्टाला पुसलं, त्याच माणसाच्या शेजारी बाकड्यावर टेकला आणि कांताला म्हणाला, "अक्का, दोन चहा. एकात साखर जास्त टाका, ह्याचं रक्त गेलंय."

कांतानं चहा दिला. साखर जास्त टाकली. आणि त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, ह्याच्यासंगं पुन्हा येऊ नका."

तो म्हणाला, "न्हाई मावशी, ह्याच्यासंगंच येतो. हा हाय म्हणून घरी पोचतो."

कांता आता नाही. ती असती तर हे तिनं सांगितलं असतं आणि बरं सांगितलं असतं. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, मला आठवेल तसं सांगतो.

आमच्याकडं दोन माणसं गाडीवर भेटली की तब्येतीचं नंतर विचारतात, आधी ॲव्हरेज विचारतात. किती देती? आणि उत्तर खोटंच येतं. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला माहीत असतं. सांगणारा दहा वाढवतो, ऐकणारा मनात दहा कमी करतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. मन्मथअप्पाचं बिघडायचं. त्याच्या घरात कानडी बोलत. कानडीत खोट्याला सुळ्ळु म्हणतात. त्यानं "सुळ्ळु?" म्हटलं की ओळखीचे लोक दोन पावलं मागं सरायचे, कारण त्यानंतरचा शब्द हातानं यायचा.

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्याची आडत होती. बुटका, रुंद, मान नसल्यासारखा. कपाळाला विभूती. तरणा असताना हमाल कमी पडले की स्वतः पोती उचलायचा, त्यामुळं पंजे असे की चहाचा कप त्यात दिसायचा नाही. पन्नाशी ओलांडल्यावर त्याला मोठ्या गाडीचं वेड लागलं. लांबच्या प्रवासाची गाडी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढं काच. मग उदगीर, लातूर, नांदेडचे दहाबारा जण जमले. एक दातांचा डॉक्टर, एक रस्त्याची कामं घेणारा गुत्तेदार, एक विष्णुपुरीच्या कॉलेजातला सर, असे. गोव्याला गेले, राजस्थानात गेले, नेपाळला जाऊन आले. अप्पा म्होरक्या. वयानं नाही झाला, अभ्यासानंही नाही. त्याच्यासंगं गेलेला माणूस पेट्रोलवाचून कधी रस्त्यात कोरडा पडला नाही, म्हणून झाला.

त्याची रीत अशी. टाकी एकाच पंपावर भरायची. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, गळ्यापर्यंत. फेस बसू द्यायचा, मग पुन्हा. चाकातली हवा सकाळी थंड चाकावर बघायची, त्यासाठी मला उठवायचा. कुणी म्हटलं माझी पस्तीस देती, तर विचारायचा, "कशी पस्तीस? रिकामी का भरलेली? एकटा का मागं माणूस? पेट्या लावून का काढून? वारा तोंडावर का पाठीवर?" एवढं विचारल्यावर पस्तीसवाला आपणहून आकडा खाली आणायचा. "ऐंशीनं चालवली की नीट खाती," म्हणायचा, "शंभरच्या वर नेली की खात न्हाई, सांडती." पेट्रोलात उसाचं इथेनॉल मिसळायला लागले तसं त्यानं सगळ्यांचे आकडे खाली आणले. दातांचा डॉक्टर म्हणाला, कागदावर एवढा फरक पडत नाही अप्पा. अप्पानं त्याला एकच मारली, हलकी. डॉक्टर असल्यामुळं हलकी.

मागच्या सीटवर माणसाच्या वजनाचं काही पाहिजे म्हणून तो तुरीचं पोतं बांधायचा. बायको बसायला तयार नव्हती आणि तो म्हणायचा, "माणूस खाऊन वजन बदलतंय. पोतं बदलत न्हाई." एकदा अहमदपूरजवळ पोलिसानं अडवलं, मागच्याला हेल्मेट न्हाई म्हणून. लांबून त्याला पोतं माणूस वाटलं. जवळ आल्यावर तो हसला, तर अप्पा चिडला. म्हणाला, "चूक तुमची न्हाई. मागच्याला हेल्मेट पाहिजे हा नियमच हाय." दुसऱ्या दिवशी पोत्याला हेल्मेट होतं. ते पोतं तसं हेल्मेट घालून माझ्या दुकानासमोरून जायचं आणि कांता त्याला हात करायची.

नवी गाडी घेतली तेव्हा तिच्यात काटा नव्हता, पडदा होता. टाकीतल्या पेट्रोलात अजून किती किलोमीटर जाईल ते पडद्यावर यायचं. एका फेरीत पडद्यानं लांबचा आकडा दाखवला आणि गाडी त्याच्या अर्ध्यातच बंद पडली. अप्पा उतरला. शांतपणे पेटीतून पाना काढला आणि पडद्याच्या काचेवर घातला. एकदा नाही, पडदा आतपर्यंत फुटेस्तोवर. दुकानात गाडी ढकलत आणली तेव्हा त्याच्या मनगटात काचा होत्या. मी चिमट्यानं काढून राहिलो होतो आणि तो गाडीकडं बघून म्हणत होता, "मशीन असून सुळ्ळु सांगती."

हे सगळं हसण्यासारखं आहे, लोक हसायचेही. पण त्याच्या मागून एक गाडी असायची आणि ती बघितली की हसू थांबायचं. त्याचा धाकटा भाऊ, शिवराज. शिवा. दोघांमधे वयाचं लई अंतर. बाप लवकर गेला, अप्पानंच शिवाला वाढवला, शिकवला, लग्न करून दिलं. आणि ह्या सगळ्या काळात मारला. पोत्यांची घडी चुकीची घातली म्हणून, हिशोबाला उशीर झाला म्हणून, चेन सैल राहिली म्हणून. बायकोदेखत मारला. शिवा त्याला अण्णा म्हणायचा आणि मार खाताना हात कधी वर करायचा नाही, डोकं झाकायलासुद्धा नाही. बघवत नव्हतं.

कांता मला म्हणायची, "हा माणूस एक दिवस त्या भावाला मारून टाकणार. आणि मग त्याच्याच छातीवर पडून रडणार. बघशील."

मी म्हणायचो, "आपल्याला काय करायचं."

ती म्हणायची, "चहा आपला पितो ना."

आमच्या टपरीवर चहा प्यायला नको वाटणारे लोक त्याच्याच मोंढ्यात होते. जयभीम म्हणणाऱ्याच्या घरचा चहा. फाट्यावर उतरून पुढच्या हॉटेलपर्यंत चालत जायचे. अप्पानं कधी तसं केलं नाही. एकदा त्याच्यासंगचा एक व्यापारी कप घेऊन नुसता बसून राहिला, तर अप्पानं त्याच्या हातातला कप त्याच्याच मांडीवर ओतला. गरम होता. त्यासाठी मी अप्पाचं बरंच सोसलं, हे खरं आहे.

तो असा का होता ते त्यानं फक्त कांताला सांगितलं. बापाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा एक जीप केली होती लातूरला न्यायला. जीपवाल्याला विचारलं, डिझेल आहे का. तो म्हणाला, लई हाय. जीप चाकूरच्या अलीकडं बंद पडली. दुसरं वाहन मिळेपर्यंत बाप अप्पाच्या मांडीवर गेला. शिवा तेव्हा आईच्या कडेवर. अप्पानं त्या जीपवाल्याला जीपच्याच हँडलनं मारला. तो आयुष्यभर लंगडला म्हणे. कांतानं विचारलं, "त्याचं वाईट वाटतंय का?" तर अप्पा म्हणाला, "न्हाई. एक पाय राहिला त्याचं वाटतंय."

शिवाबद्दल एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अहमदपूरच्या अंगाला एका पंपावर, आता तो बंद आहे, अप्पाला माप कमी वाटलं. त्यानं नळी धरणाऱ्याला ओढून डबा भरायला लावला. मशीनवर पाच लिटर झालं तरी पाच लिटरचा डबा भरेना. अप्पानं त्याचं डोकं मशीनवर आपटलं. आतून चौघं आले, दोघांच्या हातात गज. बाकीचे लांब उभे राहिले, त्यात डॉक्टर, त्यात सर. शिवा तेवढा मधे शिरला. अप्पाच्या डोक्यावर येणारा गज त्यानं खांद्यावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज लांबपर्यंत गेला म्हणतात. त्याला माझ्या दुकानात आणला तेव्हा हात लोंबत होता, तोंड पांढरं पडलेलं. अप्पानं त्याला बाकड्यावर बसवला, कांताकडून हळद-दूध घेतलं, स्वतःच्या हातानं पाजलं, आणि कप खाली ठेवून फाडकन त्याच्या मुस्काटात मारली.

"मधे कशाला आला? तुला कुणी बोलावलं होतं?"

शिवा म्हणाला, "चुकलं अण्णा."

कांतानं कप उचलला आणि अप्पाच्या पायाजवळ आपटला. "अप्पा, ह्या टपरीवर त्याला हात लावायचा न्हाई. रस्त्यावर न्या आणि मारा. माझ्यासमोर न्हाई."

अप्पानं तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यानं मान खाली घातलेली मी तेव्हाच पाहिली. त्यानंतर तो टपरीवर शिवाला खरंच मारत नव्हता. रस्त्याच्या पलीकडं न्यायचा.

मग ठरलं लडाख. वर डोंगरात म्हणे असा पट्टा लागतो की पंपच नाही, आणि थंडीत, विरळ हवेत गाडी जास्त पिती. अप्पानं सगळ्यांना सांगितलं, आधी कोरडी फेरी. कोरडी फेरी म्हणजे टाकी गळ्यापर्यंत भरायची, पेट्या भरायच्या, मागं वजन बांधायचं आणि उदगीरहून निघायचं. इथून नांदेडला विष्णुपुरीच्या धरणापर्यंत. तिथून उलटं लातूर. लातूरहून परत माझ्या दुकानापर्यंत. मधे एक थेंब टाकायचा नाही. ज्याची गाडी दुकानापर्यंत पोचली तो लडाखला. ज्याची आधी मेली तो घरी. सगळ्यांच्या मागं एक गाडी डबा घेऊन, मेलेल्यांना उचलायला.

आणि कुणी लबाडी करू नये म्हणून अप्पा प्रत्येक टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावायचा आणि तिच्यावर पेनानं सही करायचा. डॉक्टरच्या टाकीला लावली. सरांच्या टाकीला लावली. स्वतःच्या टाकीला लावली आणि तिच्यावर डॉक्टरची सही घेतली. शिवाच्या टाकीला लावली नाही.

सर म्हणाले, "शिवाच्या टाकीला?"

अप्पा म्हणाला, "त्याला काय करायची. तो माझा भाऊ हाय."

ही गोष्ट सरांनी मला नंतर सांगितली. म्हणाले, तेव्हा शिवाच्या तोंडाकडं बघायला पाहिजे होतं, आम्ही कुणी बघितलं नाही.

शिवाची गाडी सगळ्यांत जड होती. अप्पानंच घेऊन दिली होती, भावाला सगळ्यांत मोठी पाहिजे म्हणून. ती जास्त पिणार हे शिवाला ठाऊक होतं. पण अप्पानं चारचौघात विचारलं तेव्हा तो तीस म्हणून बसला होता. अप्पाच्या तोंडावर कधी नव्हे ते कौतुक दिसलं होतं म्हणे. एकदा दिसलेलं ते परत कसं करणार. आमच्याकडं हजार माणसं रोज दहा वाढवून सांगतात आणि जेवून झोपतात. ह्यानं आयुष्यात एकदा सांगितलं.

मे महिना होता. नांदेडहून परतताना दुपारी सगळे माझ्याकडं थांबले. ऊन असं की रस्ता पाण्यासारखा हलत होता. कांतानं भजी काढायला घेतली. शिवा म्हणाला, "मामा, गाडी मागं सावलीला लावतो, सीट तापलीय." दुकानामागं बाभळ होती, तिच्याखाली माझे जुने टायर रचलेले. मी म्हटलं लाव.

पेटीत त्यानं पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. पाण्याच्या म्हणजे तशा दिसणाऱ्या, आत पेट्रोल. त्यानं टाकी उघडली आणि घाईघाईनं ओतायला लागला. खांद्याचं हाड नीट बसलं नव्हतं, हात कापायचा त्याचा. गाडी नांदेडहून तापून आलेली. सांडलं असेल इंजिनावर.

आम्हाला आवाज आला, मोठी गोधडी झटकल्यासारखा. मग शिवा दुकानाच्या बाजूनं पळत आला. छाती आणि उजवा हात पेटलेला. ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं पण त्यातून आवाज नव्हता.

सगळे उठून उभे राहिले आणि तसेच राहिले. अप्पा एकटा धावला. त्यानं शिवाला धडक देऊन मातीत पाडलं, त्याच्या अंगावर बसला आणि उघड्या तळहातांनी जाळ मारायला लागला. छातीवर, गळ्यावर, हातावर. मी पाण्याच्या टाकीकडं पळालो. वळून बघतो तर अप्पानं शिवाची मूठ उघडली होती. मुठीत बाटलीचं निळं झाकण होतं. अप्पानं झाकणाकडं बघितलं. दुकानामागं टायर धडधडून पेटले होते, गाडी त्यात होती, सगळीकडं पेट्रोलचा वास. त्याला कळलं.

"सुळ्ळु," तो म्हणाला. "मला सुळ्ळु?"

आणि हात चालूच राहिले. जाळ अजून होता. तो विझवत होता का मारत होता ते मला आजही सांगता येत नाही. त्याच्या तळहातांची साल निघून शिवाच्या शर्टाला चिकटत होती आणि तो हात उचलून पुन्हा आणत होता. जाळ विझला तरी आणत होता. तोंडावर. शिवा खाली पडून त्याच्याकडं बघत होता, नेहमीसारखे हात बाजूला सोडून.

कांता रांजणावरचं ओलं गोणपाट घेऊन आली. ते तिनं शिवावर टाकलं. मग कढईतला झारा उचलला आणि अप्पाच्या कानशिलावर हाणला. तेलातला झारा. चर्र झालं. तो बाजूला कोलमडला तर तिनं दुसरा हाणला, पाठीवर.

"मेला तो. सोड. मेला तो, आता कुणाला मारतोस?"

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे बोलली. अप्पा मातीत बसून राहिला, कानावर झाऱ्याची नक्षी उठलेली, हात समोर धरलेले. हातांकडं बघून म्हणाला, "मेला का?"

मेला नव्हता. श्वास चालू होता. डॉक्टर आता कुठं जागा झाला आणि रस्त्यावर आडवा उभा राहून टेम्पो थांबवला. शिवाला मागं टाकला. अप्पा पुढं ड्रायव्हरजवळ गेला.

"डिझेल किती हाय?"

ड्रायव्हर म्हणाला, "लई हाय चला."

अप्पानं त्या हातांनी, साल गेलेल्या हातांनी, त्याची कॉलर धरली आणि अर्धा खिडकीबाहेर ओढला. "लई म्हणजे किती? लातूर येईल का? काटा दाखव. दाखव मला."

त्यानं काटा दाखवला. मग टेम्पो हलला. ड्रायव्हरची कॉलर रक्तानं भरली होती, त्याला वाटलं आपल्यालाच लागलं.

शिवा वाचला. लातूरच्या दवाखान्यात लई दिवस होता. मांडीची कातडी काढून छातीला आणि हाताला लावली. अप्पाला त्यानं खोलीत येऊ दिलं नाही. अप्पा बाहेर व्हरांड्यात बसून राहायचा, दोन्ही हातांना पांढरी गाठोडी बांधलेली, कुणीतरी भरवलं तर जेवायचा. शिवा बरा झाला तसा बायकोला घेऊन लातूरलाच राहिला. आडतीत आला नाही. त्यानं निरोप धाडला, अण्णा समोर दिसला तर जीव घेईन. ज्या माणसानं जन्मात हात वर केला नाही त्याचा निरोप. लोक म्हणाले, रागात बोलतात. कांता म्हणाली, "न्हाई. हा घेईल. ह्याचं साठलंय."

लडाख झालं नाही. अप्पाची गाडी त्याच्या गोदामात पोत्यांमागं उभी राहिली. त्याची बोटं वाकडी जुळून आली, मूठ मिटायची नाही, त्यामुळं गाडीची मूठ पिळणं गेलं आणि मारणंही गेलं. तो एसटीनं यायचा आमच्याकडं. उदगीरहून बसायचा, फाट्यावर उतरायचा, बाकड्यावर बसून रस्त्याकडं बघायचा. लातूरकडून मोठी गाडी आली की उठून उभा राहायचा. ती निघून गेली की बसायचा.

कांता त्याला चहा बशीत ओतून द्यायची, कप धरता येत नव्हता म्हणून. एकदा तो तिला म्हणाला, "अक्का, सगळ्यांना लावली. त्याला मी चिकटपट्टी लावली न्हाई. त्याला तेवढं तरी कळायला पाहिजे होतं."

कांता भांडी घासून राहिली होती. वर न बघता म्हणाली, "त्याला कळलं होतं रे. पेट्रोल संपायला न्हाई भ्याला तो. तुला भ्याला."

बशीतला चहा तसाच राहिला आणि त्यात माशी पडली. नंतर कांता मला म्हणाली, बोलायला नको होतं का? मी म्हटलं, बरं केलं. मला आजही तसंच वाटतं.

ह्या पावसाळ्यात कांता गेली. किडन्या गेल्या होत्या, लातूर-नांदेड दोन्हीकडं नेली, शेवटी ती म्हणाली मला टपरीवर न्या, तिथंच गेली. माझ्याच्यानं ह्यापेक्षा जास्त सांगवत नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला दुकानासमोर मांडव घातला होता. भन्तेजी आले, वंदना झाली. मांडवात गाडीवाले सगळे होते, डॉक्टर, सर, तो नाक फुटलेला लातूरचा. अप्पा सगळ्यांच्या मागं, माझ्या टायरच्या थप्पीवर बसला होता. पुढं ये म्हटलं तर आला नाही.

जेवणं चालू झाली आणि लातूरकडून एसटी थांबली. शिवा उतरला, मागून त्याची बायको. मी त्याला त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघत होतो. गळ्यापासून कानापर्यंत कातडी ओढलेली, उजवा हात पातळ, गुलाबी, मेणासारखा चमकणारा. तो सरळ कांताच्या फोटोपुढं गेला. फुलं वाहिली. गुडघ्यावर बसला, उठला. मागं वळला आणि त्याला अप्पा दिसला.

वाढणारे वाढायचे थांबले.

शिवा चालत गेला. अप्पा उभा राहिला. शिवानं पहिली मारली ती तोंडावर. अप्पाची टोपी उडाली. दुसरी कानावर, तिथंच जिथं झाऱ्याचा डाग होता. मग त्यानं मोजलं नाही. छातीत, तोंडावर, डोक्यात. प्रत्येक फटक्याला अप्पाची मान हलत होती आणि पुन्हा जागेवर येत होती. ओठ फुटला, नाकातून धार लागली, पांढऱ्या शर्टावर आली. मी उठलो. डॉक्टर उठला.

अप्पा आमच्याकडं न बघता म्हणाला, "बसा. कुणी मधे यायचं न्हाई."

आम्ही उभेच राहिलो. शिवा मारत होता आणि आता त्याला आवाज फुटला होता, शब्द नव्हते, नुसता आवाज. शिवाची बायको एसटीच्या थांब्यावर पदर तोंडात धरून उभी होती. अप्पा गुडघ्यावर आला. शिवानं हात वर नेला आणि तेव्हा अप्पानं तो मनगटात धरला. वाकड्या बोटांनी धरता येत नव्हता, दोन्ही तळहातांमधे दाबून धरला.

"थांब," तो म्हणाला. "हात फुटला तुझा. दुसऱ्यानं मार."

खरंच फुटला होता. ती नवी कातडी बोटांच्या मुळाशी फाटली होती, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. शिवानं हाताकडं बघितलं. डावा हात त्यानं उचलला. तो थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग खाली आला, कुणाला न लागता. तोही मातीत बसला, भावासमोर.

अप्पानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि शिवाच्या हाताभोवती गुंडाळायला लागला. गुंडाळता आला. गाठ मारता येईना. बोटं मिटतच नव्हती, टोक सुटायचं, पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायचं. शिवानं डाव्या हातानं टोक धरून बघितलं, एका हातानं त्याच्यानंही होईना. अप्पाच्या नाकातलं रक्त रुमालावर पडून राहिलं होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबलो.

शेवटी शिवानं वाकून एक टोक दातात धरलं. दुसरं अप्पानं दातात धरलं. आणि डोक्याला डोकं लावून दोघांनी ओढलं.